वारा थंडीत किती भर घालतो?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

माझी एक भाची टोरांटोला असते. जानेवारी उजाडला की तिचे फोनवरचे पहिले वाक्य ठरलेले. "आई, आज उणे दहा आहे, पण वाऱ्यामुळे उणे वीस." यावर आमची ताई इकडून वैतागते. "अगं, दहा की वीस, एकच काय ते सांग. तुमच्याकडे काय दोन-दोन तापमापक असतात का?" ताईचे भाचीच्या बाळंतपणासाठी ऐन हिवाळ्यात तिकडे जायचे ठरले, तेव्हा हा वाद माझ्यापर्यंत आला. बॅगेत लोकरीचे कपडे किती भरायचे, हे कोणत्या आकड्यावर ठरवायचे? आणि मुळात खरे तापमान कोणते?

दोन्ही आकडे खरे आहेत. फक्त ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. उणे दहा हा आकडा हवा किती थंड आहे ते सांगतो. उणे वीस हा आकडा सांगतो की या वाऱ्यात तुमच्या उघड्या चेहऱ्यातली ऊब किती झपाट्याने निघून जाईल. या दुसऱ्या आकड्याला इंग्रजीत विंड चिल म्हणतात. आपल्याला त्यासाठी रूढ शब्द नाही, कारण रोजच्या जगण्यात त्याची फारशी गरज पडत नाही. पण अनुभव मात्र आपल्याला पुरेपूर आहे. "थंडी नाही हो एवढी, वारा बोचरा आहे," असे आपण म्हणतोच. हा बोचरेपणा मोजायचा कसा, हा आजचा विषय.

आधी एक सोपा प्रयोग करून पाहा. घरात तापमापक असेल तर तो पंख्याखाली ठेवा. पंखा बंद असताना पारा २८ वर असेल, तर पंखा पूर्ण वेगाने सोडल्यावरही तो २८ वरच राहील. तुम्हाला मात्र त्याच पंख्याखाली गार वाटते. असे का? तापमापक आणि खोलीतली हवा यांचे तापमान एकच असते. त्यांच्यात उष्णतेची देवाणघेवाण व्हायला जागाच नाही. तुमच्या अंगाचे तसे नाही. तुमच्या शरीराच्या आत सुमारे ३७ अंश सेल्सिअस तापमान आहे, कातडीवर साधारण ३३. बाहेरच्या हवेपेक्षा तुम्ही गरम आहात आणि तुमच्यातून बाहेर उष्णता सतत वाहते आहे.

ती वाहते म्हणजे काय होते? कातडीला लागून असलेली हवा तापते आणि काही मिलिमीटर जाडीचा ऊबदार हवेचा एक थर अंगाभोवती तयार होतो. हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे, त्यामुळे हा थर पांघरुणासारखे काम करतो. स्वेटर, गोधडी, रजई या सगळ्यांचे गुपितही हेच आहे. त्या स्वतः ऊब देत नाहीत, त्या हवा अडकवून ठेवतात. वारा आला की हा थर खरवडला जातो. त्याच्या जागी थंड हवा येते, ती तापेपर्यंत तीही उडून जाते, पुन्हा नवी थंड हवा येते. शरीर बिचारे एकामागून एक पांघरुणे विणत राहते आणि वारा ती ओढून नेत राहतो. बशीतल्या चहावर आपण फुंकर मारतो तेव्हा थोडेफार हेच घडत असते. तिथे बाष्पीभवनाचा वाटाही असतो, त्याच्याकडे आपण पुढे येऊ.

हे ज्ञान तसे फार जुने. धनगराच्या घोंगडीची वीण घट्ट असते, ती वारा सहज आत येऊ देत नाही. याउलट सैल विणीचा जाड स्वेटर घरात ऊबदार वाटतो आणि माळरानावर वारा सुटला की कुचकामी ठरतो. पण वारा थंडीत भर घालतो हे ठाऊक असणे वेगळे आणि किती भर घालतो हे सांगता येणे वेगळे. ते सांगायचा पहिला नेटका प्रयत्न झाला तो अंटार्क्टिकात.

पॉल सायपल हा अमेरिकेतला बालवीर, म्हणजे बॉय स्काउट. १९२८ मध्ये रिचर्ड बर्ड यांच्या अंटार्क्टिक मोहिमेसाठी देशभरातून एका स्काउटची निवड झाली, तो हा. वय १९. तिथल्या थंडीने त्याला असे काही पछाडले की पुढे त्याने भूगोलाची पदवी घेतली आणि अतिथंड हवेत माणूस कसा टिकतो यावर प्रबंध लिहिला. विंड चिल हा शब्दप्रयोग त्याच प्रबंधातला, १९३९ सालचा. १९३९ ते १९४१ या काळात अमेरिकेची सरकारी मोहीम अंटार्क्टिकाला गेली, तेव्हा सायपल तिथल्या एका तळाचा प्रमुख होता. त्याने आणि चार्ल्स पॅसेल या भूवैज्ञानिकाने मिळून एक प्रयोग केला.

प्रयोगाचे साहित्य पाहिले तर शाळेच्या प्रयोगशाळेची आठवण यावी. प्लास्टिकची एक छोटी नळकांडी, तिच्यात २५० ग्रॅम पाणी. ती बाहेर उघड्यावर वाऱ्यात टांगायची आणि पाणी पूर्ण गोठायला किती वेळ लागतो ते मोजायचे. त्या वेळचे हवेचे तापमान आणि वाऱ्याचा वेग यांची नोंद करायची. बस्स, एवढेच.

यातून उष्णता कशी मोजली गेली? शून्य अंशाच्या एक ग्रॅम पाण्याचा शून्य अंशाचा बर्फ व्हायचा, तर त्यातून सुमारे ८० कॅलरी उष्णता बाहेर पडावी लागते. म्हणजे २५० ग्रॅमचे २० हजार कॅलरी, अर्थात २० किलोकॅलरी. ही उष्णता त्या नळकांडीच्या पृष्ठभागातून इतक्या मिनिटांत बाहेर गेली, मग एक चौरस मीटर पृष्ठभागातून एका तासात किती जाईल, हे साधे त्रैराशिक. असे बरेच प्रयोग करून दोघांनी एक सूत्र बसवले आणि ते १९४५ मध्ये प्रसिद्ध केले.

सूत्रात दोन कंस आहेत. पहिला वाऱ्याचा. वाऱ्याचा वेग सेकंदाला किती मीटर ते घ्यायचे, त्याचे वर्गमूळ काढून दहाने गुणायचे, त्यात १०.४५ मिळवायचे आणि वाऱ्याचा वेग त्यातून वजा करायचा. दुसरा कंस थंडीचा, म्हणजे ३३ वजा हवेचे तापमान. ३३ कशाला, तर कातडीचे तापमान तेवढे धरले होते म्हणून. दोन कंसांचा गुणाकार केला की ताशी दर चौरस मीटरमागे किती किलोकॅलरी जातात ते मिळते. भाचीच्या टोरांटोचेच उदाहरण घेऊ. हवा उणे दहा, वारा ताशी ३० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ८.३३ मीटर. पहिला कंस येतो सुमारे ३१, दुसरा ४३. गुणाकार सुमारे १३३०. हा आकडा १४०० च्या पुढे गेला की उघडी कातडी गोठू लागते, असे सायपल आणि पॅसेल यांनी नोंदवून ठेवले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिकांना कुठे कोणते कपडे द्यायचे हे ठरवताना अमेरिकी लष्कराला या कामाचा उपयोग झाला.

पण १३३० किलोकॅलरी हा आकडा सामान्य माणसाला काय कळणार? त्याला कळतात अंश. म्हणून पुढे एक युक्ती निघाली. वाऱ्यात जेवढी उष्णता जाते तेवढीच उष्णता, वारा जवळजवळ नसताना, किती थंड हवेत गेली असती? ते तापमान काढायचे आणि लोकांना सांगायचे. आमच्या उदाहरणात हे उत्तर येते सुमारे उणे २७. १९७० च्या दशकापासून अमेरिकेच्या हवामानवृत्तांत असे आकडे येऊ लागले. 'उणे वीस जाणवते' या भाषेचा उगम हा असा आहे.

इथे तुमच्या लक्षात आले असेल की भाची उणे वीस म्हणाली होती आणि जुने सूत्र उणे सत्तावीस सांगते. सात अंशांचा फरक आला कुठून?

जुन्या सूत्रात खोटी कुठे होती ते पाहू. पहिली गोष्ट, पाण्याची नळकांडी म्हणजे माणूस नव्हे. तिच्यात उष्णता निर्माण होत नाही आणि रक्त खेळत नाही. दुसरी, कातडीचे तापमान कायम ३३ अंश धरलेले. प्रत्यक्षात गारठ्यात गेल्यावर गाल-नाक पाच-दहा मिनिटांत गार पडतात. कातडी गार झाली की कातडी आणि हवा यांच्या तापमानातला फरक कमी होतो आणि उष्णता जाण्याचा वेगही मंदावतो. जुने सूत्र हे विचारात घेत नाही, म्हणून थंडी फुगवून सांगते. तिसरी, वेधशाळा वारा मोजते तो जमिनीपासून १० मीटर उंचीच्या खांबावर. माणसाचा चेहरा दीड मीटरवर. तिथे वारा पुष्कळच कमी असतो.

आणि चौथी खोट तर गमतीची आहे. तो पहिला कंस पुन्हा आठवा. वर्गमूळाची दहापट, त्यातून वेग वजा. वाऱ्याचा वेग वाढेल तसा हा कंस वाढत जातो, पण सेकंदाला २५ मीटर, म्हणजे ताशी ९० किलोमीटरला त्याची वाढ थांबते आणि पुढे तो चक्क घटू लागतो. म्हणजे वादळ आणखी वाढले तर थंडी कमी वाजेल! अर्थात ही निसर्गाची करामत नव्हे. ज्या वेगांवर प्रयोग झाले त्यांच्या पलीकडे सूत्र ताणले की असे होते. कोणतेही अनुभवातून बसवलेले सूत्र वापरताना हे पथ्य पाळावे लागते.

शेवटी अमेरिका आणि कॅनडा यांनी मिळून हे प्रकरण नव्याने तपासायचे ठरवले. कॅनडाच्या संरक्षण संशोधन खात्यातले रँडल ऑस्चेव्हस्की आणि अमेरिकेतल्या इंडियानापोलिसचे प्राध्यापक मॉरिस ब्लूस्टीन यांनी नवे गणित मांडले. ते तपासण्यासाठी या वेळी नळकांडीऐवजी माणसे घेतली. १२ स्वयंसेवक, सहा पुरुष आणि सहा स्त्रिया. टोरांटोतल्या एका शीतगृहासारख्या वायुबोगद्यात त्यांना सरकत्या पट्ट्यावर चालायला लावले. अंगावर गरम कपडे, चेहरा उघडा. गालावर, कपाळावर, नाकावर, हनुवटीवर उष्णता मोजणारे संवेदक चिकटवलेले. समोरून वारा, आणि हवा दहा, शून्य आणि उणे दहा अंशांची. काही फेऱ्यांत चेहऱ्यावर पाण्याचे तुषारही उडवले. या मोजमापांवरून पारखून घेतलेले नवे सूत्र २००१ च्या हिवाळ्यापासून दोन्ही देशांनी स्वीकारले. तेच आजही वापरात आहे.

ज्यांना आकडेमोडीची हौस आहे त्यांच्यासाठी ते सूत्र असे:

थंडीचा अंक = १३.१२ + (०.६२१५ × त) − (११.३७ × घ) + (०.३९६५ × त × घ)

यात 'त' म्हणजे हवेचे तापमान, अंश सेल्सिअसमध्ये. 'घ' म्हणजे वाऱ्याच्या ताशी किलोमीटर वेगाचा ०.१६ वा घात. हा घात तोंडी काढता येणार नाही, पण शास्त्रीय गणकयंत्रावर एका बटणाचे काम आहे. ताशी १० किलोमीटरला घ येतो १.४५, ३० किलोमीटरला १.७२ आणि ६० किलोमीटरला १.९३.

आता उणे दहा अंश आणि ताशी ३० किलोमीटर घालून पाहू. पहिला आकडा १३.१२. दुसरा उणे ६.२२. तिसरा, ११.३७ गुणिले १.७२, म्हणजे सुमारे १९.६, तो वजा. चौथा, ०.३९६५ गुणिले उणे दहा गुणिले १.७२, म्हणजे उणे ६.८. सगळ्यांची बेरीज उणे साडेएकोणीस. पूर्णांकात उणे वीस. भाचीचा आकडा बरोबर निघाला.

हे ०.१६, ०.३९६५ वगैरे आकडे कुठून आले, असे कुणी विचारील. ते निसर्गाचे नियम नाहीत. चेहऱ्यातून उष्णता कशी जाते याचे मोठे गणित संगणकावर वेगवेगळ्या तापमानांना आणि वाऱ्यांना सोडवले आणि त्या सगळ्या उत्तरांच्या जवळून जाणारे एक आटोपशीर सूत्र बसवले. त्यामुळे त्याला मर्यादाही आहेत. हवा १० अंश किंवा त्याहून थंड आणि वारा ताशी ४.८ किलोमीटरहून जास्त असेल तरच ते वापरायचे. ४.८ का? तर तो रमतगमत नव्हे, पण घाईही न करता चालणाऱ्या माणसाचा वेग आहे. पूर्ण शांत हवेतही चालणाऱ्याच्या तोंडावर एवढा वारा येतोच.

सूत्राचा स्वभाव समजून घ्यायचा असेल तर तापमान उणे दहावर ठेवून फक्त वारा वाढवत न्या. ताशी १० किलोमीटरला अंक येतो उणे १५, २० ला उणे १८, ३० ला उणे २०, ४० ला उणे २१, ६० ला उणे २३ आणि ८० ला उणे २४. पहिल्या १० किलोमीटरांनी पाच अंश खाल्ले आणि ६० वरून ८० वर जाताना एकच अंश गेला. असे का, हे आपल्या ऊबदार थराच्या गोष्टीवरून कळेल. अंगाभोवतीचे पांघरूण पहिल्या झुळकेलाच बरेचसे उडते. पुढे वारा कितीही सोसाट्याचा आला तरी उडवायला फारसे उरलेले नसते. मग उष्णता किती जाणार हे कातडीखालून ती किती येऊ शकते यावर ठरते.

आता या अंकाचा अर्थ काय लावायचा आणि काय लावायचा नाही, ते पाहू. इथे बहुतेकांची गफलत होते.

समजा हवा अधिक दोन अंश आहे आणि जोराच्या वाऱ्यामुळे विंड चिल उणे पाच आहे. बाहेर ठेवलेल्या बादलीतले पाणी गोठेल का? वाऱ्याने ते लवकर गार होईल, पण त्याचा बर्फ व्हायचा नाही. वारा वस्तूला हवेच्या तापमानापर्यंत झटपट नेतो, त्याच्या खाली ढकलत नाही. मोटारीच्या रेडिएटरला, पाण्याच्या नळाला, झाडाच्या पानाला विंड चिल लागू नाही. ज्याच्या आत उष्णता तयार होते त्यालाच ती नेण्याचा वेग महत्त्वाचा. कोरड्या कातडीच्या बाबतीतही हेच खरे आहे. हवा शून्याच्या वर असेल तर कोरडी कातडी नुसत्या वाऱ्याने गोठत नाही. या गोंधळामुळेच कॅनडात हा अंक मुद्दाम 'अंश' न म्हणता नुसता सांगतात. तिथला निवेदक म्हणतो, "तापमान उणे दहा अंश, विंड चिल उणे वीस." अंश हा शब्द एकदाच.

मग या अंकाचा उपयोग काय? उपयोग आहे तो वेळ मोजायला. अतिथंड हवेत शरीर आतले अवयव वाचवण्यासाठी बोटे, कान, नाक यांचा रक्तपुरवठा आखडता घेते. मग तिथली कातडी आणि खालचे मांस गोठते. याला हिमदंश म्हणतात. विंड चिल उणे २८ च्या खाली गेले की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. उणे ४० च्या खाली ५ ते १० मिनिटांत. उणे ४८ च्या खाली दोन ते पाच मिनिटांत. म्हणजे बसथांब्यावर दहा मिनिटे उभे राहायचे की नाही, मुलांना मधल्या सुट्टीत मैदानात सोडायचे की नाही, हे त्या अंकावरून ठरते.

आपल्या देशातल्या माणसांनाही हे गणित रोज करावे लागते. पहिली भारतीय अंटार्क्टिक मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली. आजही या मोहिमांची सूत्रे वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून हलतात. १९८९ पासून मैत्री आणि २०१२ पासून भारती ही आपली संशोधन केंद्रे तिथे आहेत आणि आपली माणसे तिथे बारा महिने असतात. अंटार्क्टिकाच्या मधल्या उंच पठारावर थंड झालेली जड हवा उतारावरून पाण्यासारखी किनाऱ्याकडे वाहत येते. तिथल्या वाऱ्यांचा जोर त्यातून येतो. समजा, उणे २५ अंश तापमान आहे आणि ताशी ६० किलोमीटरचा वारा. अंक येतो उणे ४३. अशा हवेत बाहेरच्या यंत्राचा एक स्क्रू पिळायला हातमोजा काढला, तर पाच मिनिटांत काम आटपून हात परत मोज्यात गेला पाहिजे.

सियाचिनसारख्या उंच जागी आणखी एक पेच आहे. तिथे हवा विरळ असते आणि विरळ हवेचा वारा उष्णता थोडी कमी नेतो. म्हणजे सूत्रातला अंक थोडा जास्तच थंडी सांगतो. पण म्हणून निर्धास्त राहायचे कारण नाही. प्राणवायू कमी असल्याने शरीराची ऊब तयार करण्याची आणि बोटांपर्यंत पोहोचवण्याची ताकदही घटलेली असते. सूत्र दुसऱ्या परिस्थितीत नेताना काय काय बदलते, हे सूत्र स्वतः सांगत नाही. ते आपण पाहायचे असते. उदाहरणार्थ, सूत्रात ऊन धरलेलेच नाही. लख्ख उन्हात तेच वारे सहा ते दहा अंशांनी सुसह्य वाटू शकते.

हे सगळे वाचताना तुम्ही म्हणाल, आमच्या महाराष्ट्रात याचा काय संबंध? पुण्यात पहाटे १० अंश आणि ताशी १० किलोमीटर वारा असेल, तर सूत्राचे उत्तर साडेआठ येते. दीड अंशाचा फरक. त्यासाठी कुणी गणकयंत्र काढणार नाही. पण तीन ठिकाणी हा विचार आपल्यालाही उपयोगी पडतो.

पहिले, दुचाकी. पहाटे नाशिक रोडला कामावर निघालेल्या माणसाच्या भोवती हवा ८ अंशांची आणि शांत असली, तरी तो ताशी ५० किलोमीटरने जात असेल तर त्याच्या तोंडावर तेवढा वारा येतोच. सूत्रातला वारा खांबावरचा असतो आणि चेहऱ्यापाशी त्याचा दोन-तृतीयांश धरतात. म्हणून या ५० साठी सूत्रात ७५ घालायचे. उत्तर येते जेमतेम दोन. वर सांगितल्याप्रमाणे बोटे गोठणार नाहीत, पण ती बधिर होतील आणि ब्रेक दाबायला अर्धा क्षण उशीर होईल. हातमोजे हवेतच.

दुसरे, पावसाळ्यातले गड-किल्ले. तिथे तापमान वीस अंशांच्या आसपास, म्हणजे सूत्राच्या हद्दीबाहेर. पण अंगावरचे कपडे चिंब आणि माथ्यावर भन्नाट वारा. कातडीवरचे एक ग्रॅम पाणी वाफ होऊन उडते तेव्हा सुमारे ५८० कॅलरी घेऊन जाते. वारा ही वाफ सतत दूर नेतो. त्यात माणूस दमलेला आणि उपाशी असला तर शरीराचे तापमान घसरू लागते. हुडहुडी भरणे, बोबडी वळणे, पावले अडखळणे, असंबद्ध बोलणे ही त्याची लक्षणे आहेत. दम लागलाय, थोडा बसू दे, असे म्हणून अशा माणसाला वाऱ्यात बसवून ठेवू नये. आडोशाला न्यावे, ओले कपडे उतरवून कोरडे घालावेत, शुद्धीवर असेल तर गरम गोड चहा द्यावा. सॅकमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कोरडा सदरा आणि वारा अडवणारे एक जाकीट एवढे जरी असले तरी पुष्कळ होते.

तिसरे उदाहरण उलटे आहे. निफाडला पारा घसरला की द्राक्षबागाईतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात. हे होते कधी? वारा पूर्ण पडलेला आणि आकाश निरभ्र असते तेव्हा. अशा रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून गार होते, तिला लागलेली हवा गार आणि जड होऊन खालीच बसून राहते. थोडा जरी वारा असता तर त्याने वरची ऊबदार हवा खाली मिसळली असती आणि घड वाचले असते. म्हणजे जो वारा बागेतल्या राखणदाराला काकडवतो तोच द्राक्षाला तारतो. कारण राखणदाराच्या आत शेगडी पेटलेली आहे आणि द्राक्षाच्या घडात ती नाही.

आणि वारा नेहमी गारच करतो असेही नाही. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे हवा ४५ अंशांवर जाते, म्हणजे कातडीपेक्षा गरम. आता उष्णतेचा ओघ उलटा, हवेकडून अंगाकडे. वारा जितका जोरात तितकी उष्णता अंगात जास्त शिरणार. तिथे वाचवतो तो फक्त घाम. म्हणूनच विदर्भातला माणूस भर उन्हात डोक्याला दुपट्टा घट्ट गुंडाळून बाहेर पडतो. टोरांटोची माणसे ज्यासाठी मफलर बांधतात, अगदी त्याच कारणासाठी: वारा आणि कातडी यांच्यामध्ये स्थिर हवेचा थर राहावा म्हणून.

एक सावधगिरीची सूचना करून थांबतो. हिमदंश झालेला भाग पांढरा, मेणासारखा आणि बधिर होतो. तो चोळू नये, त्यावर बर्फ लावू नये, शेकोटीपाशी धरू नये. बधिर कातडीला भाजलेलेही कळत नाही. पुन्हा गोठण्याची भीती नाही अशा जागी गेल्यावर अंगाला सोसेल अशा कोमट पाण्यात, साधारण ३७ ते ३९ अंशांच्या, तो भाग बुडवून ठेवावा आणि डॉक्टरांना गाठावे. आणि वारा नाही म्हणून धोका नाही असेही समजू नये. अमेरिकेच्या हवामान खात्याने २०२४ मध्ये 'विंड चिल'चा इशारा हे नाव बदलून 'तीव्र थंडी'चा इशारा असे केले, ते याच कारणासाठी. नावात वारा असला की लोक शांत हवेतल्या थंडीला घाबरत नसत.

ताईला मी सांगितले, रस्त्यावर बर्फ असेल का, नळ गोठेल का, हे पहिल्या आकड्यावरून ठरव. आपले नाक, कान, बोटे आणि बाळाला बाहेर न्यायचे की नाही, हे दुसऱ्यावरून. स्वेटर दोनच ने, पण त्यावर घालायला वारा अडवणारा एक जाड कोट तिथे गेल्यावर पहिल्याच दिवशी घे. तिने घेतला. आता जानेवारीत तिचाच फोन येतो आणि ती दोन्ही आकडे सांगते.